चपट्या तोंडाचा श्वान आणि कुलशुद्धीचा इतिहास

नागपूरच्या धरमपेठेत लक्ष्मीभुवन चौकापासून ट्रॅफिक पार्कपर्यंत सकाळी फिरावयास निघणाऱ्या मंडळींबरोबर लहान अंगाची, चपट्या तोंडाची, बटबटीत डोळ्यांची कुत्री आता नित्य दिसतात. यांतील पग ही जात २००३ साली दूरचित्रवाणीवर झळकलेल्या हच या मोबाईल कंपनीच्या जाहिरातीमुळे घराघरांत पोहोचली. पुढे २००७ साली ती कंपनी व्होडाफोन झाली. परंतु 'हचवाला कुत्रा' हे नाव लोकांच्या तोंडी राहिले. पगच्या जोडीला लांब केसांचे शिह त्झू आणि क्वचित पेकिंगीज येतात. अशा पाळीव कुत्र्याची निवड व निगा हा विषय बौद्ध अध्ययनाच्या पत्रिकेत कसा आला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु या प्राण्याचे रूप ज्या इतिहासातून घडले, त्यात बौद्ध जगाचा सिंह आहे, साम्राज्यवादी लूट आहे आणि शुद्ध रक्ताचा तो सिद्धान्तही आहे, ज्याच्याशी आपला लढा जुना आहे. त्यामुळे हा विषय वाटतो तितका परका नाही.

प्रारंभ सिंहापासून करावा लागतो. तथागतांना शाक्यसिंह म्हटले गेले, त्यांच्या देशनेला सिंहनाद. सारनाथच्या अशोकस्तंभावर आणि आपल्याकडे कार्ल्याच्या चैत्यासमोरील स्तंभावर सिंह आहेत ते याच परंपरेने. हा सिंह धम्माबरोबर चीनमध्ये गेला. तेथे मात्र एक अडचण होती. चीनच्या अरण्यात सिंह नाही. हान काळात पश्चिमेकडील राज्यांनी भेटीदाखल पाठविलेले थोडे सिंह राजधानीने पाहिले असतील. सामान्य शिल्पकाराने तो कधीच पाहिला नव्हता. त्याने ऐकीव वर्णनावरून जो सिंह कोरला त्याचे तोंड आखूड व रुंद, डोळे मोठे आणि आयाळ कुरळी झाली. विहारांच्या दारांशी बसविलेल्या या सिंहांना पाश्चात्त्यांनी पुढे 'फू डॉग' म्हटले. 'फो' हे बुद्धाचे चिनी नाव. म्हणजे बुद्धाच्या सिंहालाच त्यांनी कुत्रा ठरविले. चुकीचे नाव खरे, परंतु त्यात अजाणता एक सत्य आले आहे, कारण चिनी राजवाड्यांत प्रत्यक्ष कुत्र्यालाच सिंहासारखे घडविण्याचा उद्योग पुढे शतकानुशतके चालला.

लहान शोभेच्या कुत्र्याची चिनी इतिहासग्रंथांतील एक ठळक नोंद तांग काळातील आहे. इ. स. ६२४ मध्ये गाओछांगचा (आजच्या तुर्फानजवळचे राज्य) राजा छ्यू वनताय याने तांग सम्राटाकडे कुत्र्यांची एक जोडी पाठविली. ती सहा चिनी इंच उंचीची व फार हुशार होती. घोड्याचा लगाम ओढीत व तोंडात मेणबत्ती धरीत. ती मूळची फूलिन, म्हणजे रोमच्या पूर्वेकडील साम्राज्याची, असे सांगितले गेले. ती चपट्या तोंडाची असतील असे मानण्यास आधार नाही. त्यांच्याकडे पगचे पूर्वज म्हणून बोट दाखविणारे लेखक घाई करतात. आपल्याला या नोंदीचे महत्त्व निराळे आहे. हाच छ्यू वनताय काही वर्षांनी भारताकडे निघालेल्या ह्युएन-त्संगाचा यजमान झाला. त्याने त्या भिक्षूला आपल्याच राज्यात ठेवून घेण्याचा हट्ट धरला आणि ह्युएन-त्संगाने अन्नत्याग केला तेव्हा कुठे त्याला जाऊ दिले. पुढे तो महाराष्ट्रापर्यंत आला, हे वाचकांस ठाऊक आहेच. कुत्री, ग्रंथ आणि भिक्षू हे एकाच व्यापारी मार्गाने फिरत होते, एवढे यावरून दिसते.

मांचू वंशाच्या छिंग सम्राटांना तिबेटी लामा मंजुश्रीचे रूप मानीत. मंजुश्री बोधिसत्त्वाचे वाहन सिंह. त्याच्याबरोबर एक लहानसा कुत्रा असे व प्रसंगी तो सिंहाचे रूप घेई, अशी कथाही प्रचलित होती. तेव्हा छिंग दरबारात सिंहासारख्या दिसणाऱ्या लहान कुत्र्याला जो मान मिळाला त्यामागे निव्वळ करमणूक नव्हती, राजसत्तेचे प्रतीकही होते. 'शिह त्झू' या नावाचा अर्थच सिंह. तिबेटमधील मठांत लहान कुत्री आत राहून चाहूल लागताच भुंकत आणि बाहेर बांधलेले अंगापिंडाने दांडगे कुत्रे त्या इशाऱ्याने जागे होत. तेथील ल्हासा अप्सोचे तोंड पगइतके चपटे नाही, कारण थंड व विरळ हवेत राखण करावयाची तर श्वास मोकळा हवा. १९३३ साली तेराव्या दलाई लामांनी सायडम कटिंग या अमेरिकन प्रवाशाला अशी एक जोडी भेट दिली आणि ही जात पश्चिमेत रुजली. विदर्भात तिबेटी बांधव १९७२ पासून गोंदिया जिल्ह्यातील (तेव्हाचा भंडारा) गोठणगावच्या नॉरग्येलिंग वसाहतीत राहतात. त्यांच्या मातृभूमीतील मठांचा हा राखणदार आज शहरी दिवाणखान्यात शोभेची वस्तू झाला आहे.

सन १८६० मध्ये दुसऱ्या अफूयुद्धाच्या शेवटी इंग्रज व फ्रेंच सैन्याने पेकिंगजवळचा युआनमिंगयुआन हा उन्हाळी राजवाडा लुटला आणि नंतर इंग्रजांनी तो जाळला. या मोहिमेत हिंदी पलटणीही होत्या, ही गोष्ट आपल्या इतिहासलेखनात सहसा सांगितली जात नाही. राजवाड्यात पाच लहान पेकिंगीज कुत्री सापडली व ती इंग्लंडला नेण्यात आली. त्यांतील एक कॅप्टन डन याने राणी व्हिक्टोरियाला अर्पण केली. तिचे नाव 'लूटी' ठेवण्यात आले. आपलाच 'लूट' हा शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानात उचलला, चीनमध्ये कृतीत आणला आणि राणीच्या मांडीवर बसविला! फ्रीडरिख काइल या चित्रकाराने १८६१ साली तिचे चित्र काढले. १८७२ मध्ये ती वारली.

पग त्यापूर्वीच डच व्यापाऱ्यांमार्फत युरोपात गेला होता. विल्यम हॉगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४५ साली स्वतःच्या चित्रात आपला 'ट्रंप' नावाचा पग बसविला आहे. ते चित्र वाचकांनी अवश्य पाहावे. त्यातील पगला स्पष्ट नाक आहे, पाय उंच आहेत. आजचा पग त्याच्याशेजारी उभा केला तर निराळा प्राणी वाटेल. मधल्या काळात घडले ते असे. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला. प्रत्येक जातीचे रूप कसे असावे याचे नियम लिहिले गेले, नोंदवह्या सुरू झाल्या आणि दोन्ही आईबाप त्याच वहीत नोंदलेले असतील तरच पिल्लाला 'शुद्ध' म्हणण्याची रीत पडली. प्रदर्शनात अधिक चपट्या तोंडाला बक्षीस, बक्षीस मिळालेल्या नराला अधिक माद्या, आणि त्याच्या पिल्लांना अधिक किंमत. नात्यातल्या नात्यात संकर होत राहिला. दीडशे वर्षांत नाक जवळजवळ नाहीसे झाले.

नाक गेले म्हणजे केवळ हाड आखूड झाले. त्या हाडावरचे मांस, टाळू, जीभ, दात ही त्या प्रमाणात कमी झाली नाहीत. नाकपुड्या चिरेसारख्या अरुंद, मऊ टाळू लांबून श्वासनलिकेच्या तोंडाशी लोंबकळणारा, दात एकमेकांवर चढलेले, डोळे खोबणीबाहेर येऊ पाहणारे, तोंडावरील घड्यांत ओल व दुर्गंधी. झोपेतले घोरणे धन्याला गमतीचे वाटते. प्रत्यक्षात तो प्राणी हवेसाठी धडपडत असतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने चपट्या तोंडाशी निगडित एका जनुकातील बदल दाखवून दिला. २०२२ मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या संशोधकांनी पगच्या आरोग्याची स्थिती इतर कुत्र्यांहून इतकी वेगळी आढळल्याचे सांगितले की, त्याला सर्वसामान्य कुत्रा म्हणता येणार नाही. नेदरलँड्सने २०१९ पासून प्रजननासाठी नाकाच्या लांबीची किमान अट कडकपणे लागू केली.

येथे आपल्याला जातीच्या प्रश्नाकडे वळणे भाग आहे. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात भगवान बुद्ध सांगतात की, गवत, झाडे, कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे, पक्षी यांच्यात जन्मतः निरनिराळी चिन्हे असतात; मनुष्यामनुष्यांत तशी चिन्हे नाहीत, तेथील भेद नावापुरते, व्यवहाराने ठरविलेले आहेत. या सुत्ताच्या कसोटीवर पग आणि रस्त्यावरचा कुत्रा यांचा विचार केला तर काय दिसते? दोघांची जाती एकच, श्वानजाती. त्यांच्यात संतती होते. त्यांच्यातील भेद निसर्गाने केलेला नाही, माणसाने केला आहे. संकेत म्हणून आरंभ झालेली गोष्ट निवडीच्या बळजबरीने हाडात उतरविली आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात जातीचे मर्म सजातीय विवाहाच्या बंधनात दाखविले. समूहाचे दार बंद करून घेणे, हेच ते मर्म. केनेल क्लबची नोंदवही हे असेच बंद दार आहे. १९३६ सालच्या 'जातिनिर्मूलना'त त्यांनी, जातिव्यवस्थेने रक्तशुद्धी राखून वंश सुधारला, या पंडिती युक्तिवादाचा समाचार घेतला आणि या व्यवस्थेने कोणती सुधारलेली प्रजा निर्माण केली, असा प्रश्न केला. हे साम्य फार ताणू नये. माणसांच्या जाती म्हणजे कुत्र्यांच्या जातींसारखे वंशभेद, असे मानणारे लोक आहेतच आणि बाबासाहेबांनी नाकारले ते नेमके हेच. परंतु शुद्धीसाठी दार बंद केल्याने कुल श्रेष्ठ होते या समजुतीची परीक्षा पाहावयाची असेल, तर शुद्धतेचे प्रमाणपत्र घेऊन धापा टाकणारा पग डोळ्यांसमोर आहे.

आता निवड आणि निगा. उपासकाने वर्ज्य करावयाच्या पाच व्यापारांत सत्तवणिज्जा, म्हणजे सत्त्वांचा व्यापार, अंगुत्तर निकायात सांगितला आहे. अट्ठकथाकारांनी त्याचा अर्थ मनुष्यविक्रय असा केला आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तेव्हा पिल्लू विकत घेणे हा सुत्ताने निषिद्ध केलेला व्यवहार आहे असे म्हणता येणार नाही. तरीही मूळ शब्द 'सत्त' आहे आणि तो मनुष्यापुरता नाही. शक्य असेल त्याने कोणी सोडून दिलेले, आश्रयास आलेले कुत्रे घ्यावे. जाहिरातीच्या भरात घेतलेले पग खर्च झेपेनासा झाला की सोडून दिले जातात.

घ्यावयाचेच ठरले तर पिल्लू आठ आठवड्यांहून लहान घेऊ नये. त्याहून लहान पिल्लू विकण्यास २०१७ च्या श्वान-प्रजनन नियमांनी मनाई केली असून प्रजनन करणाऱ्यावर नोंदणीचे बंधन घातले आहे. आई प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सौदा करू नये. आई चार पावले चालून घोरघोरत असेल तर पिल्लाचे भविष्य तेच. नाकपुड्या उघड्या आहेत काय, नाकाला थोडी तरी लांबी आहे काय, डोळे स्वच्छ आहेत काय, हे पाहावे. विक्रेता 'एकदम फ्लॅट फेस' असे कौतुकाने सांगेल, तेथून उठून यावे.

निगेचा खरा प्रश्न नागपुरात उन्हाळा हा आहे. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे, ओल्या नाकातोंडावरून हवा खेळवून उष्णता बाहेर टाकणे, हाच त्याचा मार्ग. ज्याचे नाकच काढून घेतले त्याचा हा मार्ग अर्धा बंद आहे. तो धापा टाकतो, त्या धडपडीनेच घसा सुजतो, हवा आणखी कमी मिळते, अंग आणखी तापते. म्हणून मार्च ते जून फिरणे पहाटे किंवा सूर्य मावळून रस्ता निवल्यावर करावे. शहरातील सिमेंटचे रस्ते रात्री उशिरापर्यंत तापलेले असतात. आपला तळहात क्षणभर टेकवून पाहावा. कूलर नागपूरकरांचा जुना सोबती, मे महिन्यातील कोरड्या हवेत तो उपयोगी पडतो. पावसाळ्यातील दमट उकाड्यात मात्र कूलरचा ओलावा उलट त्रास देतो. तेव्हा पंखा आणि मोकळी खिडकी बरी. बंद मोटारीत या प्राण्याला पाच मिनिटेही ठेवू नये. त्याचे स्वाभाविक तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ४१ च्या पुढे गेले की जिवावर बेतते. जीभ निळसर, लाळ चिकट, पाय लटपटणारे दिसले तर प्रथम अंगावर साधे पाणी ओतून पंखा लावावा आणि लगेच दवाखाना गाठावा. धरमपेठेतील रहिवाशांना सेमिनरी हिल्सवरील नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. ते १९५८ साली स्थापन झाले व २००० पासून महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचा भाग आहे.

उरलेले थोडक्यात. गळ्यात पट्टा न घालता छातीचा पट्टा वापरावा. तोंडावरील घड्या रोज ओल्या मऊ फडक्याने पुसून कोरड्या कराव्यात. डोळा लाल किंवा अर्धा मिटलेला दिसला तर घरचे थेंब टाकीत बसू नये. बाहेर आलेल्या डोळ्याला जखम चटकन होते. शिह त्झूचे केस उन्हाळ्यात आखूड करावेत, परंतु कातडीपर्यंत भादरू नयेत. गोचीड शोधीत जावे. रेबीजची व इतर लसीकरणे वेळेवर घ्यावीत. आणि वजन. सहा ते आठ किलोंचा प्राणी दहा-बारा किलोंचा करून ठेवणे हा लाड नव्हे; चरबी घशाभोवतीही साठते.

लाडाचा विषय निघाला म्हणून मज्झिम निकायाच्या अट्ठकथेतील तोदेय्याची कथा आठवते. तोदेय्य हा धनाढ्य व कंजूष ब्राह्मण मरून आपल्याच घरी कुत्रा होऊन जन्मला. त्याचा मुलगा सुभ त्या कुत्र्याला स्वतःच्या ताटातले अन्न देई, उत्तम शय्येवर निजवी. भगवान भिक्षेला आले असता कुत्रा भुंकला आणि त्यांनी त्याला तोदेय्य नावाने हाक मारली. सुभ संतापला. आपला पिता ब्रह्मलोकात गेला अशी त्याची खात्री. त्या पित्याला कुत्रा म्हणणे हा त्याच्या कुळाचा अपमान! शेवटी कुत्र्याने जमिनीत पुरलेले धन उकरून दाखविले. गांधार शिल्पात भुंकणाऱ्या या कुत्र्याचा प्रसंग कोरलेला आढळतो. कुत्र्याला मऊ गादीवर निजविण्यात सुभाला संकोच नव्हता; कुत्रा आणि आपले कुळ यांत नाते आहे, एवढेच त्याला सहन झाले नाही. उलट मनुस्मृतीने कुत्रा व गाढव हेच चांडाळांचे धन ठरवून त्यांना गावाबाहेर काढले आणि 'श्वपच' ही शिवी केली. आणि १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत होती, अस्पृश्यांना मात्र मनाई होती. २० मार्च रोजी बाबासाहेबांनी ते पाणी प्राशन केले. म्हणजे कुत्र्याचा दर्जा या समाजाने प्राण्याच्या गुणावरून कधी ठरविला नाही. तो कोणाच्या दारात उभा आहे यावरून ठरविला.

हीच गोष्ट बावीसाव्या, कुक्कुर जातकात आहे. वाराणसीच्या राजाच्या रथाचे चामडी पट्टे रात्री पावसात भिजले व महालातील कुत्र्यांनी ते खाल्ले. सेवकांनी सांगितले की, बाहेरची कुत्री मोरीतून आत आली. राजाने दिसेल त्या कुत्र्याला मारण्याची आज्ञा दिली. अपवाद फक्त महालात वाढलेल्या कुलीन, 'कोलेय्यक' कुत्र्यांचा. स्मशानात कुत्र्यांचा नायक म्हणून जन्मलेला बोधिसत्त्व एकटा दरबारात आला आणि त्याने राजाला विचारले की, चोर कोण हे ठाऊक नसताना काहींना मारणे व काहींना राखणे हा कोणता न्याय? न्यायाधीशाने पक्षपात, द्वेष, मोह आणि भय या चार अगतींपासून दूर राहिले पाहिजे. मग त्याने ताक व दर्भ मागवून महालातील कुत्र्यांना पाजविले; त्यांनी चामड्याचे तुकडे ओकून टाकले. राजाने सर्व प्राण्यांना अभय दिले. ही कथा भूतदयेची म्हणून मुलांना सांगतात. ती आधी पुराव्याची आणि समान न्यायाची कथा आहे.

नागपुरात या कथेचे प्रतिध्वनी ऐकू येतात. २० ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सार्वजनिक ठिकाणी मोकाट कुत्र्यांना खाऊ घालण्यास मनाई केली आणि ज्यांना खाऊ घालावयाचे आहे त्यांनी ती दत्तक घेऊन घरी न्यावीत असे म्हटले. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दत्तकाच्या सक्तीला स्थगिती दिली. चाव्यांचा आणि रेबीजचा प्रश्न खरा आहे आणि गरीब वस्तीतील मुलांना त्याची झळ अधिक लागते, हे विसरून चालणार नाही. निर्बीजीकरण व लसीकरण हे काम नगरपालिकेचे आहे, ते मागितलेच पाहिजे. परंतु आतला व बाहेरचा कुत्रा ही विभागणी कोणत्या आधारावर होते, हा जातकातील प्रश्न तसाच राहतो.

या प्रश्नाशी संबंधित एक शिला विदर्भातच सापडली आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ देवटेक येथे मिळालेल्या मोठ्या शिळेवर दोन लेख आहेत. जुना ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख चिकंबरी येथे प्राण्यांना धरणे व मारणे यांस मनाई करणारी आज्ञा सांगतो, महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी तो अशोकाच्या धर्ममहामात्राचा मानला. पुढे पाच-सहाशे वर्षांनी वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याने आपल्या धर्मस्थानाचा लेख त्याच शिळेवर खोदविला. ही शिला नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, अजब बंगल्यात आणण्यात आली. धरमपेठेतून ते अंतर फार नाही.